लंगोटाचा पक्का

पैलवान, तुला मुली नाही, मुलगे आवडतात ना? मग कोल्हापूरसारखं गाव नाही. इथं वस्ताद पहिल्याच दिवशी बजावतात, पोरींच्या नादाला लागायचं नाही. तू लागत नाहीस. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यात लढत, थंडाई, झोप, संध्याकाळी पुन्हा माती. सगळी तालीम तुझा दाखला देते. ही सवलत पंचविशीपर्यंत चालते. पुढं तेच ब्रह्मचर्य संशयात येतं, तेव्हा तयारी आधीच ठेव.

एक प्रेयसी तयार कर. ती पुण्याची असावी. इचलकरंजीची नको, खासबागेच्या कुस्ती मैदानात तिचा मावसभाऊ भेटायचाच. तिचं कॉलेज, भांडणाचं कारण, सगळं पाठ पाहिजे. पोरं इथंच फसतात: दिवाळीला नर्सिंग करणारी पाडव्याला बी.कॉम. होते. ज्याच्यावर खरं प्रेम आहे, त्याचा नंबर 'गॅस एजन्सी' नावानं ठेव. मात्र रात्री साडेअकराला गॅस एजन्सी का फोन करते, याचंही उत्तर जुळवून ठेव.

झोपायला सगळ्यांना मिळून एकच खोली, म्हणून झोपेत बडबडतोस का ते घरी विचारून घे. या हिशेबात रात्रीचे तीन तास गेले की दुसऱ्या फेरीत दम तुटतो. वस्ताद बदाम वाढवतील. बदामानं ते भरून निघत नाही, पण खा.

धावणारी पोरगी असलीस तर द्युती चंदचं बघ. 2014 मध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून तिला बाहेर काढलं, ती क्रीडा लवादात लढली, 2015 मध्ये तो नियम स्थगित झाला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत 100 आणि 200 मीटरला रौप्य. 2019 मध्ये तिनं जोडीदार मुलगी असल्याचं सांगितलं. समलिंगी संबंध गुन्हा नाही, या कलम 377 च्या निकालाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि विरोध घरातनंच झाला. हार्मोन वेगळे, प्रेम वेगळं, हे कुणाला समजावत बसू नकोस. गॅलरीतल्या एका शिवीत दोन्ही मावतात.

2025 पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्समध्ये महिला गटासाठी एसआरवाय या वाय गुणसूत्रावरच्या जनुकाची चाचणी आहे, आयुष्यात एकदाच. गालाच्या आतून बोळा फिरवला की झालं. पुरुषांच्या गालाला कुणी हात लावत नाही.

गालावरून आठवलं. कुस्ती मारलीस की लोक तुला खांद्यावर घेतील, मिठ्या मारतील, भर मैदानात मुके घेतील. घाबरू नकोस, ते चालतं. फक्त 'गॅस एजन्सी' बघायला आली असेल, तर तिला मागं बसव.