स्पितीला जाता, मग जरा माणसासारखं वागा

दर उन्हाळ्यात तोच वैताग. हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात, लांग्झा, हिक्कीम, कोमिक या गावांत गाड्यांच्या गाड्या येतात, धूळ उडवतात, तासाभरात पसार. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस १९८३ पासून चालू आहे, १४ हजार फुटांच्याही वर. गावाची पत्रं तिथूनच जातात. आपली मंडळी मात्र तिथल्या माणसाला काम सोडून फोटोसाठी उभं करतात!

आणि होमस्टेमधला तो कायमचा सवाल: फ्लश का नाही? अहो, हिवाळ्यात इथे नळ गोठतात. म्हणून कोरडा संडास. वर माती नाहीतर राख टाकायची, खाली साचेल त्याचं खत होतं आणि ते वाटाण्याच्या, जवाच्या शेतात जातं. बर्फाच्या पाण्यावर, वर्षाला एकच पीक घेणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवलेली ही घडी. त्यात तुम्ही वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड टाकून मोकळे होता. ते खतातून निवडायचं कोणी? घरातल्या बाईनेच ना?

लांग्झाला तर जीवाश्म खिशात घालणाऱ्यांची कमी नाही. हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्रातले, कोट्यवधी वर्षांपूर्वीचे अमोनाइट, म्हणजे वळणदार शंखाच्या समुद्री जीवांचे दगड झालेले अवशेष, पुण्या-मुंबईच्या शोकेसमध्ये मांडायला लाज कशी वाटत नाही? पोरं विकायला आणतात, कारण घेणारे तुम्ही आहात. घेऊ नका. आणि कुठल्याही आजीच्या तोंडासमोर कॅमेरा धरण्याआधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर तो खाली करा, तिथल्या तिथे.