सहा चांदण्या आणि सहाशे मुंडकी: हंबीररावांच्या तलवारीवरच्या पोस्टला उत्तर

प्रतापगडच्या भवानीमंदिरात सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची म्हणून एक तलवार ठेवलेली आहे. तिचा फोटो लावून फिरणारी पोस्ट तुम्हीही वाचली असेल. एका लढाईत शंभर शत्रू कापणाऱ्याच्या तलवारीवर म्हणे महाराज एक चांदणी कोरून देत. हंबीररावांनी सहा तासांत सहाशे कापले, म्हणून तिच्यावर सहा चांदण्या. आणि हा इतिहास मुद्दाम दडवला गेला. साताऱ्याकडच्या ग्रुपांवर ती पुन्हापुन्हा उगवते. त्या तलवारीपुढे आम्हीही हात जोडतो, पण मजकुराचं काय?

आधी 'शंभराला एक चांदणी'. अफजलखानाच्या लढाईनंतर, म्हणजे याच प्रतापगडाखाली १६५९ साली, महाराजांनी कुणाला काय दिलं ते कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत सविस्तर सांगितलं आहे. मोठ्या लढवय्यांना हत्ती, घोडे, कडी, कंठ्या, पदकं, तुरे, गावं. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत (होन म्हणजे सोन्याचं नाणं). जे पडले त्यांच्या मुलांना सांभाळलं. मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन. म्हणजे हिशेब होता तो आपल्या माणसाच्या जखमेचा. समोरचे किती पाडले याची मोजदाद त्यात कुठेच नाही, आणि चांदणीही नाही. बक्षिसांची अशी रीत खरोखर असती तर ती सापडायला यापेक्षा योग्य जागा कोणती होती?

मग पात्यावरच्या खुणांचं काय? जुन्या तलवारी जवळून पाहणाऱ्याला यात नवल वाटत नाही. पोर्तुगीजांकडून येणाऱ्या फिरंगी पात्यांवर युरोपातल्या कारागिरांच्या खुणा असत: चंद्रकोरी, क्रूस, धावता लांडगा. इकडच्या शस्त्रागारांतही पात्यावर ठिपक्यांनी मालकीची अक्षरं उमटवत. खूण कारागिराची असेल, शस्त्रागाराची असेल, निव्वळ शोभेचीही असेल. नुसत्या चांदणीवरून मुडदे मोजता येत नाहीत.

'सहा तासांत सहाशे' हे तर गणितातच मरतं. तासाला शंभर, म्हणजे दर छत्तीस सेकंदांना एक, तोही घोड्यावरून, न थांबता, आणि समोरचे रांगेत उभे. बरं, लढाई कोणती? पोस्ट तिचं नाव घेत नाही. घोडदळाचा सरनोबत, म्हणजे सेनापती, सहा तास एकट्याने कापाकापी करत बसला, तर फौज कोण चालवत होतं?

पोस्ट लिहिणाऱ्याला हंबीरराव सरनोबत कसे झाले हे माहीत असतं, तर त्याने हे लिहिलंच नसतं. १६७३ मध्ये उमराणीला, आत्ताच्या जत तालुक्यात, तेव्हाचे सरनोबत प्रतापराव गुजरांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याला कोंडून सोडून दिलं. त्याबद्दल महाराजांनी सुनावलेले शब्द त्यांना लागले, आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला ते मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. शौर्याबद्दल दुमत नाही. पण सरनोबतच गेला, फौज पोरकी झाली. तिला सावरायला हंसाजी मोहित्यांना नेमलं आणि हंबीरराव किताब दिला. आता त्याच माणसाला एकट्याने सहाशेंवर धावून जाणारा म्हणून रंगवायचं, ही कमाल आहे.

त्यांचं सर्वांत मोठं काम तर या पोस्टमध्ये नावालाही नाही. १६८० च्या एप्रिलमध्ये महाराज गेले. रायगडावर राजारामाला गादीवर बसवून अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत पन्हाळ्याकडे संभाजीराजांना धरायला निघाले. राजारामाच्या आई सोयराबाई या हंबीररावांच्या सख्ख्या बहीण. भाच्याचं राज्य समोर होतं, फौज हातात होती, मामा नुसता गप्प बसला असता तरी भागलं असतं. त्यांनी उलट मंत्र्यांनाच पकडून संभाजीराजांपुढे उभं केलं. पुढे १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं, आणि डिसेंबर १६८७ मध्ये वाईजवळ मोगल सरदार सर्जाखानाशी लढताना तोफेचा गोळा लागून पडले.

तलवार त्यांचीच का, हा प्रश्न विचारला की लोक अंगावर येतात. ती त्यांची म्हणून परंपरेने सांगितली जाते, एवढं म्हणणं पुरेसं आहे. २०२४ च्या जुलैत लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखं आली, तेव्हा ती ज्यांच्याकडची, त्या संग्रहालयानेच सांगितलं होतं की अफजलखानाच्या वधाची नखं हीच, याची खात्री करता आलेली नाही. तरी माणसं रांगा लावून गेली. त्या खुलाशाने कुणाची भक्ती उणावली नाही.

राहिलं 'दडवला'. सभासदाच्या बखरीत हंबीरराव आहेत, जेधे घराण्याच्या सालवार नोंदींत, म्हणजे जेधे शकावलीत आहेत. वसंतगडाच्या पायथ्याला तळबीड हे त्यांचं गाव आहे, तिथे त्यांचं स्मारक आहे. पुण्याहून कोल्हापूरला जाणारी रोजची हजारो वाहनं तासवडे टोलनाक्यावर त्याच्या जवळूनच जातात.