ऐंशी झालं की गाडी काढा हो!

आज डोकं फिरलंय. कोल्हापूरहून परत येताना संकेश्वरजवळ हायवेवरच्या एका हॉटेलात इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावायला थांबलो. गन, म्हणजे गाडीत लावायचा चार्जरचा प्लग, एकच. ती लागलेली दुसऱ्याच्या गाडीला, पडद्यावर ८३ टक्के, आणि मालक आत ताटावर. विचारलं, "काका, कुठवर?" "धारवाड." "मग झालं की भरपूर, काढताय काय?" भाकरी मोडत म्हणाले, "पैसे भरलोय न्हवं? शंभर होऊ दे."

शंभर! अहो, डीसी, म्हणजे फास्ट चार्जरवर दहा टक्क्यांचे ऐंशी व्हायला साधारण तासभर, आणि वरच्या वीसला कधीकधी जवळजवळ तेवढाच वेळ. बॅटरीतल्या सेलवर ताण नको म्हणून गाडीच करंट कमी करत जाते. निपाणी एस्टीत पहिले चाळीस पटापट बसतात, शेवटच्या दहांना जागा शोधावी लागते, तसंच. ९५ च्या पुढं आकडा हलता हलत नाही. आणि धारवाड इथून सव्वाशे किलोमीटर!

आता कोणीतरी लिहिणारच, "म्हणून पेट्रोल बरं." गप्प बसा. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट जातात. माझी ३० युनिटची बॅटरी रात्रीत भरते, तेव्हा मी घोरत असतो. व्होल्टेज पडलं की जास्त वेळ लागतो, बरं, मान्य. पण हायवेवर मी मशीनची नाही, ताकाची वाटी संपायची वाट बघत होतो.

जाहिरातीतलं 'एका तासात चार्ज' पण ऐका. चार्जर ६० किलोवॅटचा असू दे, गाडी ३० घेत असेल तर ३०च मिळणार. आणि रांगेतला वेळ कोण धरतंय?

काकांचं थोडं कळतं मला. पुढचा चार्जर बंद निघाला तर रात्री कुठं जायचं, ही धास्ती असतेच. हॉटेलवाल्यानंही दुसरी गन बसवायला हवी. तरी निदान गाडीजवळ थांबा की!

शेवटी ९१ वर आले. मागच्या सीटवर पाय चोळत बसलेली आई दिसली तशी स्वतःच गन काढली. वर मलाच झापलं, "आजी हायत म्हणून आधी सांगायचं न्हवं?"

घरी येऊन पुठ्ठा कापलाय, काचेत ठेवायला. फोन नंबर, आणि खाली: 'ऐंशी झालं की फोन करा, जेवण सोडून येतो.' कन्नड ओळ शेजारच्या अक्कांनी लिहून दिली. कुणाला पाहिजे असेल तर पुठ्ठा शिल्लक आहे.