निंबावरच्या दोन खाचा

भाऊ, रस्त्याकडेच्या झाडांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, पुण्यात बसून मी जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोल-पारोळा रस्त्यावरच्या तुटलेल्या निंबांसाठी गळा काढतो, रस्ता चौपदरी झाल्यावर तुमचा दवाखान्याचा फेरा किती सोपा झाला ते मला दिसत नाही, झाडाखाली कपाशी खुरटते. आणि शेवटी तुमचा अहिराणी टोला, ‘झाडे पोट भरतस का?’

कपाशी खुरटते, खरंय. आमच्या बांधावरची चिंच वडिलांनी त्यापायीच विकली आणि त्या पैशात माझी कॉलेजची फी गेली. म्हणजे पोट नाही, पण फी भरली झाडानं.

तुमचं आणखी एक खरं. मी सगळं खापर हायवेवर फोडलं, ते चुकलं. आमच्या गावच्या फाट्याचा रस्ता वीतभरही रुंद झालेला नाही, तरी तिथली झाडं गेली. कारण बैल गेले. भरल्या गाडीचा बैल वैशाखाच्या दुपारी ओढत नाही, त्याला सोडायला सावली लागते. ट्रॅक्टरला डिझेल लागतं. बाभूळ जपायचे ती वखरासाठी, तिफणीसाठी. अवजारं लोखंडाची झाली आणि बाभूळ चुलीत गेली.

फाट्यावर एकच निंब उरलाय. त्याच्या आडव्या फांदीवर हातभर अंतरानं दोन खाचा आहेत, अख्खं बोट बसेल एवढ्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याचे दोर दरवर्षी घासून पडलेल्या. माहेरवाशिणी वर झोके घ्यायच्या आणि त्याच निंबाखाली सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, नवं साल ठरायचं, धान्य किती, रोख किती. आता झोका पत्र्याच्या शेडला बांधतात आणि सालदार शोधून सापडत नाही. परवा बघितलं तर खाचांच्या कडांवर नवी साल चढतेय, ओठ मिटावेत तशी. दोर सुटून बरीच वर्षं झाली, हे झाडच सांगतंय. मला लिहायचं होतं ते एवढंच, रडगाणं नाही.

आणि ‘तोडली तेवढी लावली’ म्हणता, तर दुभाजकातल्या कण्हेरीखाली बसून कुणी भाकर सोडलेली मला एकदा दाखवा.

हायवेचं ते वाक्य आजच बदलतो. तुमच्या शिवारात अशी खाच पडलेली फांदी असेल तर फोटो टाका. दोर कधी सुटला ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, बाप्यांना आठवणार नाही.