दुखरा खांदा आणि तालमीचा चुकीचा दाखला

2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि साताऱ्यातच सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेने तिरंदाजीच्या कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या असलेल्या धनुष्याच्या प्रकारातले जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि तेव्हापासून शेजारच्या कोल्हापुरातही धनुष्य हाती घेणारी मुले अधिक दिसू लागली आहेत. त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. तो सांगतो: खांदा किंवा कोपर दुखू लागले की धनुर्धर तयार होतो आहे असे समजावे. तालमीतला पैलवान दुखतेय म्हणून आखाडा सोडत नाही, तसे आपणही बाण कमी करू नयेत. पाउंडेज, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारे पाउंडांतले बळ, वाढवले की खांदा आपोआप बळकट होतो. फारच झाले तर गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे, नाहीतर महिनाभर धनुष्याला हात न लावता पुन्हा पूर्ववत सुरू करावे. आणि कंपाउंडवाल्यांना तर हा त्रास होतच नाही, असा त्याचा सारांश आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला दुखणे लांबवणारा आहे.

दुखणे म्हणजे तयारी, हे विधान स्नायूंच्या बाबतीत अर्धे खरे आहे. नवा व्यायाम केल्यावर पाठ आणि दंड भरून येतात, ते दुखणे सगळ्या भागात पसरलेले असते आणि दोन-तीन दिवसांत विरते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचे, म्हणजे मैदानावर ज्याला सगळे टेंडन म्हणतात तिचे, दुखणे असे वागत नाही. मुलगा खांद्याच्या टोकाशी किंवा कोपराच्या बाहेरच्या हाडाजवळ नेमके बोट ठेवून जागा दाखवतो, धनुष्य उचलताना हात खांद्याच्या पातळीला आला की कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, आणि सरावात अंग तापल्यावर नाहीसे झालेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर खांद्याला लावताना परत येते. या शेवटच्या लक्षणानेच अनेक पालक फसतात, कारण सराव करताना बरे वाटते म्हणजे सराव हाच उपाय, असा त्यांचा समज होतो.

कंडरेवर किती भार येतो याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. चाळीस पाउंडाचे धनुष्य म्हणजे साधारण अठरा किलोची ओढ. दिवसाला दोनशे बाण मारणारा मुलगा एकाच हाताने, एकाच दिशेने, सुमारे छत्तीसशे किलो ओढतो आणि प्रत्येक वेळी काही सेकंद धरूनही ठेवतो. त्यात क्लिकर, म्हणजे खेच पूर्ण झाल्याची खूण देणारी पट्टी, वाजला नाही म्हणून न सोडता परत आणलेल्या खेचा मोजलेल्याच नाहीत, आणि वहीत बाण लिहिणारी मुलेही त्या क्वचितच लिहितात. तुलनेसाठी, स्पर्धेच्या मानांकन फेरीत दिवसभरात बाण असतात बहात्तर.

तालमीच्या दाखल्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण कोल्हापुरात तालमीचे नाव घेतले की वाद तिथेच मिटतो. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीच्या परंपरेतला कोणताही जाणता वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी पाचशे जोर मारायला लावत नाही. जोर-बैठकांची संख्या तो महिनोन्‌महिने चढवत नेतो, कोणाची जोड कोणाशी लावायची हे स्वतः ठरवतो, आणि मेहनतीइतकेच लक्ष खुराक, मालीश आणि झोपेवर देतो. शिवाय पैलवानाची मेहनत सर्वांगाची असते: जोर, बैठका, दोर, गदा, आखाडा खणणे, लढती. धनुर्धराचे सगळे ओझे एका बाजूच्या त्याच चार-पाच कंडरांवर दर वेळी त्याच कोनात पडते. म्हणजे दाखला द्यायचाच असेल, तर तालमीतून चढत्या मेहनतीची शिस्त घ्यायला हवी होती. संदेशाने त्यातली फक्त रग उचलली आहे.

पाउंडेजचा मुद्दा याच गणिताचा पुढचा भाग आहे. स्नायू काही आठवड्यांत ताकद दाखवू लागतात, कंडरेला मात्र महिने लागतात, आणि या दोघांतल्या अंतरातच इजा होते. जड धनुष्य न पेलणाऱ्या मुलाकडे बाजूने पाहिले तर ते लगेच कळते: धनुष्याच्या हाताचा खांदा कानाकडे चढतो, ओढणाऱ्या हाताचे कोपर खाली पडते, कंबर मागे झुकते आणि पाठीने ओढायचे ते ओझे दंड आणि खांद्यावर येते. खांदा वर चढला की हाडाखालून जाणाऱ्या कंडरेची जागा आणखी अरुंद होते. त्यामुळे दुखत असताना पाउंडेज कमी करणे हाच पहिला उपाय आहे. हल्लीच्या बहुतेक रिकर्व्ह, म्हणजे कप्प्या नसलेल्या, धनुष्यांत लिंबचे, म्हणजे वाकणाऱ्या पात्यांचे, बोल्ट फिरवून सुमारे दहा टक्के फरक करता येतो, म्हणजे नवे लिंब घेण्याआधीच चाळीसचे छत्तीसवर येता येते. गुण घसरतील आणि सत्तर मीटरवर बाण खाली पडतील, पडू द्यावेत.

महिनाभराच्या संपूर्ण विश्रांतीचा सल्ला वरवर सावध वाटतो, म्हणून तो अधिक फसवा आहे. विश्रांतीने दुखणे शमते हे खरे, पण भारच नसलेली कंडरा त्या महिन्यात आणखी कमकुवत होते, आणि परतल्यावर पहिल्याच दिवशी दोनशे बाण पडले की दुखणे नव्याने उभे राहते. आपल्याकडे हा प्रयोग दरवर्षी पाऊसच करून दाखवतो. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर येते, मैदाने चिखलात जातात, सराव थांबतो; मग गणपतीच्या आगेमागे उघडीप मिळते आणि शालेय स्पर्धा तोंडावर असल्याने मुले एकदम पूर्ण संख्येवर जातात. खांद्याच्या तक्रारी त्यानंतरच्या काही आठवड्यांत येतात, यात नवल काही नाही.

त्याऐवजी भार उतरवावा, पण शून्यावर नेऊ नये. सुरुवातीला रबरी बँडने किंवा अगदी हलक्या धनुष्याने, न दुखणाऱ्या मर्यादेत, ओढून धरण्याचा व्यायाम करावा. दंड बाहेरच्या बाजूला फिरवण्याचे आणि पाठीची फळी मागे खेचण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. नंतर लक्ष्याचा कागद न लावता पाच मीटरवरून थोडे बाण, मग थोडे जास्त, आणि अंतर सर्वांत शेवटी. दहापैकी तीनपर्यंतचे दुखणे सरावात चालते, मात्र ते दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीला आले पाहिजे; आले नाही तर आदल्या दिवसाचे बाण जास्त झाले. याला आठवडे नव्हे, बऱ्याचदा तीन महिने लागतात, आणि हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

गोळ्यांविषयी थोडक्यात: वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणे म्हणजे थांबवणारी खूणच बंद करणे होय. कोपराच्या बाहेरच्या दुखण्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे छान आराम देते, पण वर्षभराने पाहिले तर ते न घेतलेल्यांची अवस्था अधिक चांगली असते. त्यातच 1 जानेवारी 2022 पासून अशी इंजेक्शने कोणत्याही मार्गाने स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. स्पर्धेच्या तोंडावर पोराला ते टोचून आणणाऱ्या पालकांना हे माहीत असायला हवे.

कंपाउंडच्या निर्धोकपणाचा दावा लेट-ऑफवर, म्हणजे पूर्ण खेचल्यावर कप्प्यांमुळे हलक्या होणाऱ्या भारावर, उभा आहे. साठ पाउंडाचे धनुष्य ऐंशी टक्के लेट-ऑफने पूर्ण खेचल्यावर बारा पाउंडच धरावे लागते, हे बरोबर. पण तिथे पोहोचण्याआधी खांद्याला साठचा चढ पार करावाच लागतो, प्रत्येक बाणाला. वाढत्या वयाच्या मुलांबाबत तर अधिकच जपावे, कारण त्यांच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा कंडरेपेक्षाही नाजूक असतात. बोटे बधिर होणे, हात वर उचलताच न येणे, सूज किंवा विश्रांतीतही न थांबणारे दुखणे असेल, तर बाणांचा हिशेब न करता अस्थिरोगतज्ज्ञांना गाठावे.

संदेशातली एक ओळ मात्र जशीच्या तशी ठेवण्यासारखी आहे: पहिल्या बाणाआधी दहा मिनिटे बँडने खांदे गरम करावेत. त्यात एवढेच जोडावे, की बँड दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढावा आणि त्या दहा मिनिटांत कळ आली तर त्या दिवशीचे बाण निम्म्यावर आणावेत.