साशा कोहेनचं गोल्ड? नाही हो, सिल्व्हर

ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की साशा कोहेन या अमेरिकन ज्यू फिगर स्केटरने (बर्फावर उड्या-गिरक्या घेणारी) 2006 च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये गोल्ड मारलं आणि टॉपला असतानाच रिटायर झाली. दोन्ही चूक. गोल्ड जपानच्या शिझुका अराकावाचं, साशाला सिल्व्हर. घोळ कुठे झाला असेल ते कळतं म्हणा, कारण शॉर्ट प्रोग्रॅमनंतर (म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीनंतर) खरंच तीच पहिली होती, 66.73 गुण, आणि रशियाची इरिना स्लुत्स्काया 66.70, म्हणजे अगदी 0.03 चा फरक! पण फ्री स्केटमध्ये (दुसऱ्या, मोठ्या फेरीत) पहिल्याच ट्रिपल लुट्झ उडीला पडली, पुढच्या ट्रिपल फ्लिप उडीला हात टेकले आणि तिथेच गोल्ड हातचं गेलं. त्यानंतर बाकीचा प्रोग्रॅम मात्र असला भारी केला की स्लुत्स्कायाला मागे टाकून सिल्व्हर घेतलं, मला तर गोल्डपेक्षा तेच जास्त भारी वाटतं.

आणि रिटायरचं म्हणाल तर 2010 मध्ये ती यूएस नॅशनल्सला (अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत) परत उतरली होती, शॉर्टनंतर दुसरी, शेवटी चौथी, आणि व्हँकुव्हर ऑलिम्पिकची टीम हुकली कारण जागाच दोन होत्या.

आणि हो, 'बोराट' सिनेमावाला विनोदी नट साशा बॅरन कोहेन वेगळा, त्याचा फोटो लावू नका राव 😅