हेंड्रिक्सच्या पोपटांचा पोपट

लंडनच्या बागांतून कलकलाट करत जाणाऱ्या हिरव्या पोपटांचा व्हिडिओ बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. सोबतचा मजकूर असा: गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १९६०च्या दशकात कार्नबी स्ट्रीटवर ‘ॲडम’ आणि ‘ईव्ह’ ही जोडी सोडली, आजचे हजारो पोपट त्यांचीच पिलावळ. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही.

आधी सालं बघा. हेंड्रिक्स जन्मला १९४२ मध्ये आणि लंडनला आला १९६६ मध्ये. इंग्लंडात हा पोपट मोकळा दिसल्याची पहिली नोंद नॉरफोकमधली, १८५५ सालची. तेव्हा आपली बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती!

मग जागा. गुन्हे कुठे कुठे घडले यावरून गुन्हेगाराचा ठिकाणा ताडायची एक पोलिसी पद्धत आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी तीच पोपटांच्या नोंदींना लावली (२०१९). कार्नबी स्ट्रीटवर संशयाची सुई काही थांबली नाही. ‘द आफ्रिकन क्वीन’ या चित्रपटाच्या चित्रीकरणावेळी, १९५१ मध्ये, लंडनमधल्या आयझलवर्थच्या स्टुडिओतून पोपट उडाले ही दुसरी लाडकी कथाही तिथेच आपटली.

आणि एकाच जोडीची एवढी प्रजा असती, तर सगळ्यांची जनुकं एकाच साच्यातली निघाली असती. युरोपातल्या या पोपटांची जनुकं तपासली, तेव्हा मुळं सापडली प्रामुख्याने पाकिस्तान आणि उत्तर भारतात. पक्ष्यांचा व्यापार वर्षानुवर्षं चालू होता, हे त्याचंच फळ.

थोडक्यात, हे पोपट आले साध्यासुध्या घरांतल्या पिंजऱ्यांतून. काही निसटले, काही मुद्दाम सोडले गेले. १९२९-३० मध्ये पोपटांपासून माणसाला होणाऱ्या ‘सिटॅकोसिस’ तापाची जगभर घबराट पसरली होती. अशा बातम्या वाचल्यावर घरातला मिठू कोणाला नकोसा झाला नसेल?

‘उष्ण देशातला पक्षी तिथल्या थंडीत टिकेलच कसा?’ हा प्रश्न व्हिडिओखाली हमखास असतो. अहो, हा हिमालयाच्या पायथ्याशीही राहतो, कडाक्याची थंडी त्याला नवी नाही. शिवाय इंग्रज मंडळी हिवाळाभर बागेत दाणे टांगून ठेवतात. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की ज्याला गोफणीने हाकलतात, त्याला लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये लोक हातावर बसवून सफरचंद चारतात.